घरखर्च : मैलापाण्याचे बिल

जालना जिल्ह्यातील एका भगिनीचे पत्र आमच्याकडे आले आहे. आपले व गावाचे नाव छापू नये, अशी त्यांची विनंती आहे. त्या लिहितात, "घरपट्टीच्या बिलात दरवर्षी सफाईची एक रक्कम लागून येते. आमच्या मोहल्ल्यात गटारच नाही. संडासची टाकी आहे. ती भरली की आम्हीच पैसे देऊन गाडी बोलावतो. मग ही रक्कम कशाची? दोन वर्षांपासून आम्ही भरलेली नाही. पुढे काही त्रास होईल का?"

पत्र चार ओळींचे आहे, पण उत्तराला या वेळी सगळे पान लागणार आहे.

विजेचे बिल वेगळे येते, गॅस सिलिंडरचे पैसे हातोहात दिले जातात. मैलापाण्याचे बिल मात्र एकटे कधी येत नाही. ते घरपट्टीच्या कागदावर एखाद्या ओळीत बसलेले असते, आणि त्या ओळीचे नाव गावागणिक बदलते. कुठे सफाई कर, कुठे मलनिस्सारण कर, कुठे नुसता स्वच्छता कर. कुठे तर 'मलप्रवाह सुविधा लाभ कर' असे लांबलचक नाव छापलेले असते. खेड्यात ग्रामपंचायत घरपट्टी व दिवाबत्तीसोबत सामान्य स्वच्छता कर लावू शकते. म्हणून पहिले काम असे की बिल हातात आले की फक्त खालचा एकूण आकडा पाहून ते कपाटात टाकू नका. घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीला किंवा मुलाला बसवा आणि एकेक ओळ मोठ्याने वाचून घ्या. काही ओळी तर घराला लागूच होत नाहीत. उदाहरणार्थ, रोजगार हमी कर हा दुकान, गोदाम अशा बिगरनिवासी वापरावर असतो. राहत्या घराच्या बिलावर तो दिसला तर घराची नोंद चुकीच्या रकान्यात गेली आहे, असे समजावे.

आता भगिनीच्या प्रश्नाकडे येऊ. आपण कोणत्या गावात राहतो, यावर उत्तर अवलंबून आहे. जालना शहर २०२३ मध्ये महानगरपालिका झाले, त्यामुळे तिथे महानगरपालिका अधिनियम लागू होतो. अंबड, परतूर, भोकरदन या नगर परिषदा आणि बदनापूर, जाफराबाद, मंठा, घनसावंगी या नगर पंचायती १९६५ च्या कायद्याखाली चालतात. महानगरपालिकेच्या कायद्यात मैला उचलण्याचा कर कोणावर बसतो, हे सांगणारे वेगळे कलम आहे, १३१ क्रमांकाचे. त्याचा सोपा अर्थ असा की ज्या भागात हे काम पालिका आपल्या यंत्रणेमार्फत करील असे जाहीर झाले आहे, तिथल्या घरांवर तो बसतो. किंवा जे घर पालिकेच्या गटाराला जोडलेले आहे, त्याच्यावर बसतो. म्हणजे "आमच्याकडे गटार नाही, तरी ही ओळ का?" हा प्रश्न वेडगळ नाही, तो कायद्यातलाच प्रश्न आहे. पण मोहल्ल्याची नाली पालिका साफ करत असेल किंवा घरातले पाणी त्या नालीत सोडलेले असेल, तर उत्तर आपल्या विरुद्धही जाऊ शकते. म्हणून भांडायला जाऊ नका, विचारायला जा. कर विभागात साध्या कागदावर अर्ज द्या: मालमत्ता क्रमांक, बिलाचा क्रमांक, आणि एकच वाक्य – ही ओळ कोणत्या नियमाने व कोणत्या दराने लावली, ते लेखी कळवावे. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवकचा शिक्का घ्यायला विसरू नका.

आकारणीची नवी नोटीस आली असेल, तर तिच्यात हरकतीची मुदत दिलेली असते. मुदतीत गेलेला एक कागद नंतरच्या दहा फेऱ्यांपेक्षा जास्त उपयोगी पडतो. जिथे भाडेमूल्यावर आकारणी होते, तिथे वार्षिक भाड्यातून दुरुस्तीसाठी १० टक्के वजा झाले आहेत का, हेही त्याच वेळी पाहावे.

आणि हरकत आहे म्हणून भरणा थांबवावा का? आमचे मत स्पष्ट आहे: थांबवू नये. मुदत उलटली की थकबाकीवर दरमहा २ टक्के शास्ती लागते. ५,००० रुपये बाकी असतील तर महिन्याला १००, वर्षाला १,२००. ज्या घरात सावकाराच्या व्याजाचे नावही काढले जात नाही, त्याच घरात ही शास्ती वर्षानुवर्षे मुकाट चढू दिली जाते, याचे आम्हाला नवल वाटते. "पुढे माफी योजना येईल" या आशेवर बसणारेही पुष्कळ आहेत. अशा योजना कधी कधी येतात, ही गोष्ट खरी. पण त्या शास्तीत सूट देतात, मूळ रक्कम द्यावीच लागते. भगिनीने दोन वर्षांची बाकी एकदम जमत नसेल तर अर्ज देऊन हप्ते मागावेत. पालिका आपली वसुलीची प्रकरणे राष्ट्रीय लोकअदालतीतही ठेवतात. तशी नोटीस आली तर घाबरून घरात बसू नये, ठरल्या तारखेला हजर राहावे.

महानगरपालिकेत मालमत्ता कर एप्रिल आणि ऑक्टोबर अशा दोन सहामाहींत देय होतो. ज्या घरांची कमाई हंगामावर आहे, म्हणजे कापूस-सोयाबीनची शेती, मोसंबीची बाग किंवा शेतमालाची आडत, त्यांनी ऑक्टोबरचा भाग माल विकल्यावर लगेच वेगळा काढून ठेवावा. लग्नसराई सुरू झाली की तो सापडत नाही. भरणा कार्यालयाच्या खिडकीवर करा किंवा घरी आलेल्या वसुली लिपिकाकडे करा, छापील पावती हातात आल्याशिवाय पैसे सोडू नका. कोणत्या वर्षाच्या खात्यात रक्कम जमा झाली, ते पावतीवर असलेच पाहिजे. फोनपे, गुगल पे अशा ॲपमध्ये आपल्या गावाच्या पालिकेचे नाव दिसत असेल तर तिथूनही भरता येते. मात्र मालमत्ता क्रमांक टाकल्यावर जे नाव पडद्यावर येते, ते आपलेच आहे ना, ते आधी पाहा. "आज कर भरा, नाहीतर नळ तोडू" अशा संदेशातली लिंक उघडूच नका.

त्या पडद्यावर बऱ्याच घरांत दादांचे, म्हणजे आजोबांचे, नाव येते. त्यांचा इंतकाल होऊन वीस वर्षे झालेली असतात. घर तीन भावांत वाटलेले असते, आणि बिल एकच येते. मग मोठा म्हणतो धाकट्याने भरावे, धाकटा म्हणतो बहिणींचाही हिस्सा आहे. वारसांची नोंद वेळेवर करून घ्या. वाटणी करताना हेही ध्यानात असू द्या की मय्यताचे कर्ज आधी फेडले जाते, विरासत नंतर वाटली जाते. घरपट्टीची थकबाकी हे कर्जच आहे, पण वाटणीच्या बैठकीत तिचा कागद कोणी काढत नाही. मालमत्ता कराचा उतारा आणि थकबाकी नसल्याचा दाखला ठरलेल्या मुदतीत मिळणे हा २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने आपला हक्क आहे. बैठकीआधी ते मागवून घ्यावेत.

हे झाले कागदावरचे बिल. खरे मोठे बिल अंगणातल्या फरशीखाली असते, आणि त्याला तारीख नसते.

सेप्टिक टाकीत मैला खाली बसतो, वर साय धरते, मधले पाणी पुढे शोषखड्ड्यात जाते. खाली बसलेला गाळ दर दोन-तीन वर्षांनी उपसायचा असतो. आपल्याकडे रीत अशी की टाकी ओसंडली, संडासात पाणी चढले, घरात पाहुणे आले की मग गाडीसाठी धावपळ. त्या वेळी गाडीवाला सांगेल तो भाव. समजा सक्शनच्या गाडीच्या एका खेपेला ३,६०० रुपये लागतात. तीन वर्षांचे ३६ महिने. म्हणजे महिन्याला १०० रुपये. हे १०० रुपये वेगळ्या डब्यात पडले तर टाकी कधी भरली, हा घरावर आलेला मुसीबतीचा दिवस राहत नाही. बायकांच्या भिशीत एक नंबर 'टाकीचा' ठेवला तरी चालेल. गल्लीतल्या तीन-चार घरांनी एकाच दिवशी गाडी बोलावली तर भावही उतरतो. टाकी उपसली ती तारीख झाकणाजवळच्या भिंतीवर रंगाने लिहून ठेवावी. कागद हरवतो, भिंत हरवत नाही.

काही गोष्टींनी हा खर्च लांबणीवर जातो. न्हाणीचे, कपड्यांचे, वजूचे पाणी टाकीत सोडू नये, त्याला वेगळा शोषखड्डा द्यावा. जास्त पाणी आले की गाळ बसत नाही, पुढे वाहून जातो. डायपर, पॅड, राख, बिर्याणीच्या डेगचीतले थिजलेले तेल यांनी पाइप तुंबतात. बकरीदेच्या दिवशी रक्त आणि वजडीतली घाण संडासात किंवा नालीत ओतणे तर अगदीच चूक. एका दिवसाच्या सोयीसाठी सगळ्या गल्लीची नाली आठवडाभर नासते, आणि बोलणी सगळ्या मोहल्ल्याला बसतात. आपल्या भागातली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि पाणी शोषत नाही. म्हणून उपसा मृगाच्या आधी करून घ्यावा. आणि बोअर टाकीच्या जवळ असेल तर त्या बोअरचे पाणी पिण्याला वापरू नये. खेड्यात नवे संडास बांधणाऱ्यांनी टाकीऐवजी दोन खड्ड्यांचा संडास बांधावा, असे आम्ही सुचवू. एक भरला की दुसरा सुरू करायचा. पहिल्यातल्या मैल्याचे दीड-दोन वर्षांत खत होते. गाडीही लागत नाही आणि बिलही येत नाही.

यापुढचे मात्र पैशांपुरते नाही. गाडी महाग पडते म्हणून हजार रुपयांत दोन माणसे बादली-दोरी घेऊन उतरतात, ही रीत अजून मोडलेली नाही. मे २०२३ मध्ये शेजारच्या परभणी जिल्ह्यात, सोनपेठ तालुक्यातील भाऊचा तांडा येथे सेप्टिक टाकी साफ करताना पाच मजुरांचा जीव गेला. ते आपल्याच समाजातले, कष्टाची भाकरी खाणारे लोक होते. टाकीतला वायू आधी सडक्या अंड्यासारखा वास देतो, पण तो वाढला की नाक बधिर होते आणि वास येणेच बंद होते. माणसाला वाटते वायू गेला. पहिला कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. म्हणूनच अशा वेळी एक मरत नाही, तीन-चार मरतात. २०१३ च्या कायद्याने सुरक्षेच्या साधनांशिवाय कोणालाही गटारात वा टाकीत उतरवणे गुन्हा ठरवले आहे. ही बंदी ठेकेदाराला आहे तशी घरमालकालाही आहे. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारातील मृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाख केली. पण भरपाई मिळाली तरी घरातला कमावता माणूस परत येत नाही. "तो स्वतःच तयार झाला होता" हे उत्तर आम्हाला मान्य नाही. पोट रिकामे असलेला माणूस तयार होतोच. आपल्या अंगणात टाकी उपसायची असेल तर यंत्राची गाडीच बोलवा. पालिकेची गाडी मिळत नसेल तर १४४२० हा सफाईमित्र हेल्पलाइनचा क्रमांक आहे. गाडी येईपर्यंत शेजाऱ्याचा संडास वापरावा लागला तरी चालेल.

मग गरीब घराने इतके पैसे आणावेत कुठून? याचे एक उत्तर आपल्याच राज्यात सापडते. सातारा जिल्ह्यातील वाई आणि नाशिक जिल्ह्यातील सिन्नर या गावांत आपल्यासारख्याच घरोघरी सेप्टिक टाक्या आहेत. वाईत २०१८ पासून आणि सिन्नरमध्ये त्यानंतर पालिकेने ठरवले की टाकी भरण्याची वाट पाहायची नाही. वॉर्डांची पाळी लावून तीन वर्षांत प्रत्येक घराची टाकी एकदा गाडीने उपसायची, आणि त्या दिवशी घराकडून पैसे घ्यायचे नाहीत. खर्च मालमत्ता कर आणि त्यासोबतच्या स्वच्छता करातून भागवला जातो, गाळ प्रक्रिया केंद्रात नेला जातो. या कामात अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाने त्यांना मदत केली. म्हणजे जी ओळ पाहून आमची भगिनी वैतागली, तीच ओळ तिथे काम करते. दरवर्षी थोडे थोडे भरा, तीन वर्षांनी गाडी आपोआप दाराशी.

आपल्या गावात असे होईल का, हे आपल्या नगरसेवकाला विचारायला हवे. विचारताना आणखी एक गोष्ट विचारा: आज जी गाडी आपल्या दारातून मैला भरून नेते, ती तो कुठे रिकामा करते? जालना शहरातून कुंडलिका आणि सीना वाहतात, आणि रात्री नदीकाठी उभ्या राहणाऱ्या गाडीला कोणी हटकत नाही. गाडीवाल्याला पैसे देताना हा प्रश्न आपणही विचारू शकतो. त्याच्या पावतीवर गाळ कुठे उतरवणार ते लिहून घेतले, तर पुढच्या वेळी तो भाव सांगताना ते मनात धरील.

भगिनीने अर्ज दिल्यावर काय उत्तर आले, ते आम्हाला जरूर कळवावे. नाव छापणार नाही.