स्वतःसाठीचे वाचन

मुलीला घरीच शिकवायचे ठरल्यावर वर्षाचा पूर्वार्ध मी शिक्षणविषयक वाचनात घालवला : जॉन होल्ट, गिजुभाई बधेकांचे ‘दिवास्वप्न’, १९८१ चे ‘तोत्तोचान’. पुस्तके उत्तमच, पण माझ्यातला वाचक मावळून तपासनीस जागा झाला. पानोपानी मुलीच्या उपयोगाचे काय, एवढेच मी शोधू लागले. (दोष अर्थातच पुस्तकांचा नव्हे.)

पावसाळ्यात केवळ स्वतःसाठी ‘स्मृतिचित्रे’ (१९३४-३६) पुन्हा हाती घेतली. लक्ष्मीबाई टिळक शाळेत गेल्या नाहीत. अक्षरओळख लग्नानंतर, घरातच झाली. आणि तरी इतके जिवंत मराठी गद्य मला दुसरे ठाऊक नाही. घरी शिकवणाऱ्या पालकाने पाल्यासाठी कमी आणि स्वतःसाठी अधिक वाचावे, असे माझे मत तेव्हापासून झाले आहे. वाचताना मी एकटीच हसत होते. मुलीने विचारले, ‘‘आई, हा धडा आहे का?’’ नाही म्हटल्यावरच ती जवळ येऊन बसली.