काम हलते, जबाबदारी मागे राहते

बंगळूर-मुंबई औद्योगिक पट्ट्याच्या निमित्ताने म्हसवड परिसरात औद्योगिक वसाहत उभारण्याची योजना शासनाने पुढे ठेवली, याचा माणदेशास आनंद व्हावा हे स्वाभाविक आहे. अवर्षणाने गांजलेल्या या मुलखाने पिढ्यान्‌पिढ्या आपली तरुण माणसे मुंबईच्या गिरण्यांकडे धाडली. परंतु कारखाना येणार एवढ्यावर समाधान मानण्यापूर्वी त्या गिरण्यांचे काय झाले, याचे स्मरण ठेवणे अगत्याचे आहे.

18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. गिरण्या थंडावल्या, तरी बाजारात कापडाची फारशी टंचाई भासली नाही. भिवंडी आणि इचलकरंजी येथील यंत्रमागांवर ते विणले जात होते. संपापूर्वीच ही वाट पडली होती. सूत व्यापाऱ्याचे, माग खर्चीवाल्याचा आणि राबणारा कामगार कोणाचाच नव्हे, अशी ती व्यवस्था. विजेवर चालणाऱ्या जागी दहा कामगार असले, तरच 1948 चा कारखाना कायदा लागू होई. साहजिकच लहान लहान शेड कायद्याच्या कक्षेबाहेर राहिल्या.

काम एका जागी बांधून ठेवावे, असे आम्ही म्हणणार नाही. लँकेशायरचे काम मुंबईत आले, तेव्हा आपण त्यास राष्ट्राचा उत्कर्ष म्हटले. वस्त्रव्यापारावरील जागतिक कोटापद्धती 1 जानेवारी 2005 रोजी संपुष्टात आली, आणि बांगलादेशातील लक्षावधी स्त्रियांना शिवणकामातून रोजगार मिळत राहिला. त्यांचा हेवा आम्ही का करावा? परंतु 24 एप्रिल 2013 रोजी ढाक्याजवळ राणा प्लाझा ही इमारत कोसळून अकराशेहून अधिक माणसे दगावली, तेव्हा स्वस्त कपड्याची खरी किंमत जगास कळली. त्यानंतर काही आठवड्यांतच अनेक बड्या कंपन्यांना कामगार संघटनांशी कायद्याने बंधनकारक करार करावा लागला. काम देणाऱ्यास दूर देशीही उत्तरदायी धरता येते, हे त्यावरून सिद्ध झाले.

आमच्याकडे मात्र 2020 च्या संहितेने दहाची ती मर्यादा वीसवर नेली! म्हणून म्हसवडला भूखंड देतानाच शासनाने अट घालावी: ठेकेदाराच्या कामगाराचे वेतन, भविष्यनिर्वाह निधी व सुरक्षितता यांस मूळ मालक जबाबदार राहील. तसे न झाल्यास कारखाना माणदेशाच्या दारी येईल, आणि कामगार मात्र पूर्वीसारखाच निराधार राहील.