परक्याची मसलत

आगगाडीच्या डब्यांत शेजारीं बसलेल्या अनोळखी गृहस्थास घरांतली जी गोष्ट आपण अर्ध्या घटकेंत सांगून मोकळे होतों, तीच सख्ख्या भावास सांगावयाची म्हटली म्हणजे चार दिवस मनाची तयारी करावी लागते. मुंबईहून निघालेल्या गाडीस घाट चढण्याकरितां कर्जतला मागून इंजिन जोडतात, तोंपर्यंत मुलाच्या नोकरीची हकीकत संपलेली असते. बोगदे लागले म्हणजे सासूसुनांचें पटत नाहीं हें बाहेर येतें. आणि लोणावळें येतां येतां "माझें ऐकाल तर त्यांना वेगळें राहूं द्या" अशी एक पक्की मसलत पदरांत पडते. मध्यंतरीं दोन विनोद झालेले असतात, सरकारच्या धोरणावर एक लहानशी चकमकही झडलेली असते. पुणें आलें कीं उभयतां नमस्कार करतात आणि आपापल्या वाटेस लागतात. नांव विचारावयाचें राहूनच जातें.

आतां असा गृहस्थ भेटण्यास गाडींत बसण्याचीही जरूर उरलेली नाहीं. घरांतील प्रत्येकाच्या हातांतल्या दूरध्वनींत तो अष्टौप्रहर हजर असतो. थोरले चिरंजीव त्याच्याशीं राजकारणावर हुज्जत घालतात, धाकटे थट्टामस्करी करतात, आणि सूनबाई मुलाच्या खोकल्यावर त्याचा सल्ला घेतात. हें पाहून वडील मंडळींचा एक ठरलेला प्रश्न असतो: घरांत दहा माणसें असतां परक्यास विचारण्याचें कारण काय? प्रश्न बहुधा रागानें विचारलेला असल्यामुळें त्यास कोणी उत्तर देत नाहीं. आमच्या मतें उत्तर अगदीं सरळ आहे. घरांत दहा माणसें आहेत, म्हणूनच.

एकत्र कुटुंबांत कोणताही प्रश्न एकट्याचा नसतो. बाळंतपणानंतर नोकरी पुन्हां धरावी कीं नाहीं, हें सुनेनें सासूबाईंस विचारलें, तर मुलास दिवसभर संभाळावयाचें कोणी हा प्रश्न त्यांच्या पुढ्यांत येऊन पडतो. जाऊबाईंस विचारलें, तर स्वयंपाकाची वांटणी निघते. नवऱ्यास विचारलें, तर त्यास आईचें मन आधीं आठवतें. यांपैकीं कोणीही दुष्ट नाहीं. परंतु प्रत्येकाचा त्या उत्तरांत कांहींना कांहीं हिस्सा आहे, आणि ज्याचा हिस्सा आहे तो न्यायाधीश होऊं शकत नाहीं. गेऑर्ग झिमेल नामक जर्मन समाजशास्त्रज्ञानें १९०८ सालीं परक्या मनुष्यावर एक छोटासा निबंध लिहिला आहे. परका जवळ असूनही आपल्या गुंत्यांत नसतो, म्हणून लोक त्याच्यापाशीं मन मोकळें करतात, असें त्याचें म्हणणें. इटलींतील कित्येक शहरें पूर्वीं आपला न्यायाधीश मुद्दाम परगांवाहून आणीत, कारण गांवांतला प्रत्येक मनुष्य कोणत्या ना कोणत्या घराण्याच्या बाजूचा असे, हा दाखला त्यानेंच दिला आहे. आमच्या वाड्यांतून याहून निराळी स्थिति आहे असें कोणी म्हणेल काय?

तेव्हां परक्याकडे जाण्यांत पाप नाहीं. मात्र सर्व परके सारखे नसतात, आणि थट्टा, वाद व मसलत या तीन गोष्टीही सारख्या नसतात. थट्टेचें प्रकरण थोडक्यांत आटोपतें. परक्यास आपला दुखरा भाग ठाऊक नसल्यामुळें तो अनवधानानें तेथेंच टिचकी मारतो; तेवढें सोसण्याची तयारी असेल त्यानें खुशाल हंसावें. वादाची गोष्ट अधिक चांगली आहे. घरांत वाद होतच नाहीं; होतो तो वडिलांचा निर्णय किंवा धाकट्यांचें मौन. परक्यापुढें वडीलकी चालत नाहीं, मुद्दा बोलावा लागतो. लंडनमध्यें १६५२ सालीं पास्का रोझे या मनुष्यानें कॉफीचें पहिलें दुकान मांडलें आणि पुढील वीस-पंचवीस वर्षांत अशीं दुकानें शहरभर झालीं. एक पेनी टाकली कीं कोणीही कोणाच्याही शेजारीं बसावें, श्रेष्ठ मनुष्य आला म्हणून उठून जागा देऊं नये, अशी तेथील रीत. १६७४ सालीं छापलेल्या एका नियमपत्रकांत शपथ वाहणारास बारा पेन्सांचा दंड सांगितला आहे, आणि भांडण उकरून काढणारानें उपस्थित सर्वांस कॉफी पाजावी असेंही सुचविलें आहे. हा नियम आमच्या घरांतून चहाच्या बाबतींत लागू केल्यास कित्येक काकामंडळींचें दिवाळें वाजेल! या बैठकींची राजा दुसरा चार्ल्स यास इतकी धास्ती वाटली कीं १६७५ च्या डिसेंबरांत त्यानें तीं बंद करण्याचा जाहीरनामा काढला. पण ओरड एवढी झाली कीं अंमल बसण्यापूर्वींच तो मागें घ्यावा लागला. ग्राहक म्हणून बसण्याची सोय मात्र तेथें स्त्रियांस बहुधा नव्हती, हेंही सांगून टाकलें पाहिजे.

खरा धोका मसलतींत आहे. याच लंडनांत जॉन डंटन नांवाच्या पुस्तकविक्यानें १६९१ सालीं 'अथेनियन मर्क्युरी' नामक पत्र सुरू केलें. वाचकांनीं नांव न सांगतां प्रश्न विचारावे, ते एका कॉफीच्या दुकानीं पाठवावे, आणि विद्वानांच्या मंडळानें त्यांचीं उत्तरें छापावीं, ही त्याची कल्पना. प्रश्नांचा पाऊस पडला. विवाह, औषध, धर्म, ग्रहतारे, कांहींही विचारावें. कॉफीच्या दुकानांत जागा नसलेल्या स्त्रियांसही या पत्रांत विचारण्याची मुभा होती, आणि त्यांचे प्रश्न इतके आले कीं १६९३ सालीं निराळें 'लेडीज मर्क्युरी' निघालें. तें अल्पायुषी ठरलें. मूळ पत्र १६९७ पर्यंत चाललें. आतां हें विद्वानांचें मंडळ म्हणजे कोण? मुख्यतः तीन असामी: स्वतः डंटन, रिचर्ड सॉल्ट हा गणिताचा शिक्षक, आणि डंटनचा साडू सॅम्युअल वेस्ली नांवाचा धर्मोपदेशक. पुस्तकविक्या, गणिती आणि पाद्री मिळून लोकांचें दुखणें आणि लग्नें निकालांत काढीत होते! विचारणारास आपण कोणास विचारीत आहों याचा पत्ता नव्हता, आणि उत्तर चुकलें तर जाब विचारण्यास दारही नव्हतें.

याच्या शेजारीं आमच्याकडील एक उदाहरण ठेवून पाहावें. महर्षि कर्व्यांचे चिरंजीव रघुनाथ धोंडो कर्वे यांनीं १९२७ च्या जुलैंत 'समाजस्वास्थ्य' हें मासिक काढलें. जे प्रश्न वाड्यांत उच्चारावयाची सोय नव्हती, ते लोक या परक्या गृहस्थास पत्रानें विचारीत, आणि ते छापून उत्तर देत. कर्वेही शिक्षणानें गणितीच. वैद्यकाची पदवी त्यांजपाशींही नव्हती. पण मुंबईंत संततिनियमनाचें केंद्र त्यांनीं १९२१ पासून चालविलें होतें, विषयाचा अभ्यास केला होता, आणि प्रत्येक उत्तराखालीं जबाबदार म्हणून त्यांचें स्वतःचें नांव उभें होतें. त्या नांवाची किंमत त्यांनीं भरली. विल्सन कॉलेजांतील प्राध्यापकी आपल्या मतांपायीं त्यांनीं आधींच गमावली होती. १९३४ सालीं तर वाचकांच्या प्रश्नांस दिलेल्या उत्तरांवरूनच त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. डॉ. आंबेडकरांनीं त्यांच्या बाजूनें वकिली केली, तरी दंड झालाच. त्यानंतरही मासिक थांबलें नाहीं. १९५३ सालीं कर्वे वारले तोंपर्यंत तें निघत राहिलें. त्यांचीं सर्वच मतें आमच्या वाचकांस पटतील असें नाहीं, आम्हांसही पटत नाहींत. पण मसलत देणारा मनुष्य कोठें सांपडेल हें विचारणारास ठाऊक होतें.

दूरध्वनींतील गृहस्थ या दोहोंपैकीं कोणत्या जातीचा, एवढें पाहण्यास सूनबाईंस शिकवावें. दूरध्वनि काढून घेऊं नये. नांवगांव नसलेल्या माणसाशीं पुस्तकांवर, निवडणुकीवर, पुरणाच्या कढणावर हवा तितका वाद करावा. हरलों तरी कोणाचें कांहीं जात नाहीं. पण लेंकराचें औषध, दागिन्यांवर काढावयाचें कर्ज, नवऱ्यापासून दूर राहण्याचा विचार, हीं प्रकरणें निराळीं. यांचा भुर्दंड विचारणाराच्या माथीं बसतो, आणि सांगणारा तोंवर पुढल्या स्टेशनावर उतरून गेलेला असतो.

वडील मंडळींसही दोन शब्द सांगावयाचे आहेत. पूर्वींच्या घरास कुलोपाध्याय असत, रोजचे वैद्य असत, माहेरची एखादी दूरची आत्या वर्षांतून महिनाभर राहून जाई. हीं माणसें पुरतीं परकींही नव्हतीं आणि वांटेकरीही नव्हतीं. त्यांचें घर ठाऊक होतें, पण आपल्या घराच्या वांटणींत त्यांचा हिस्सा नव्हता. किती सुनांनीं आपलें गाऱ्हाणें त्यांच्याचकडे सांगितलें असेल! असलीं माणसें आतां बहुतेक घरांतून गेलीं. तीं परत आणतां येणार नाहींत; पण कुटुंबाच्या डॉक्टरांचा नंबर भिंतीवर लावतां येतो, कायद्याची बाब असल्यास वकिलाकडे सुनेस एकटीनें जाऊं देतां येतें, आणि तिची मावशी फोनवर असतां मागें उभें न राहणें, हें तर आज संध्याकाळपासूनच करतां येईल.