रिकामी खोकी टाकण्यापूर्वी

सांगलीच्या एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. यजमानांना 'झेल्डा' नावाच्या व्हिडिओ गेमच्या जुन्या कॅसेटी जमवायचा नाद. खेळ एकच, पण नग चार! वर रिकामी खोकीसुद्धा टाकू देत नाहीत. माळा साफ करायला काढलाय, रद्दीत घालू का, असं त्या विचारतात.

ताई, जरा हात आवरा. आणि मैत्रिणींनो, तुमच्याही घरी मुलाला, दिरांना असा नाद असेल, तर हे वाचाच.

'द लेजंड ऑफ झेल्डा' हा निन्टेन्डो कंपनीचा तलवारबाजीचा, राक्षसांचा खेळ. झेल्डा ही राजकन्या. लढणारा मुलगा लिंक. 1986 साली जपानमध्ये तो पिवळ्या डिस्कवर निघाला, 1987 साली अमेरिकेत सोनेरी कॅसेटवर, पुढे साध्या करड्या कॅसेटवरही. म्हणजे ते चार नग चार वेगवेगळ्या वस्तू असू शकतात. आपण नाही का, एक पैठणी असताना दुसऱ्या काठाची घेत!

आता खोक्याचं. नुसत्या कॅसेटपेक्षा खोकं, माहितीपुस्तिका आणि नकाशा यांसकट असलेल्या नगाला कितीतरी जास्त पैसे येतात. जुलै 2021 मध्ये अमेरिकेतल्या लिलावात या खेळाचा सीलबंद नग 8 लाख 70 हजार डॉलरला गेला. आपले जवळजवळ साडेसहा कोटी रुपये! पण तो कधीच न उघडलेला, अगदी सुरुवातीच्या छपाईचा नग होता. तेव्हा 'ही आपली मुदत ठेवच समज' असं कुणी म्हणालं, तर मान डोलवू नका. नव्यासारख्या चकचकीत नकली कॅसेटीही खूप विकल्या जातात. आपल्याकडे नव्वदच्या दशकात गल्लोगल्ली मिळणाऱ्या 'हजार खेळ एकात' कॅसेटीही नकलाच. त्यांना संग्रहात मोल नाही. छंदाची महिन्याची रक्कम ठरवून टाका आणि ती वाणसामानाच्या हिशेबाच्या वहीतच लिहा.

'खेळ इंटरनेटवर मिळतात, मग डबे कशाला?' हा प्रश्न रास्त आहे. पण निन्टेन्डोने मार्च 2023 मध्ये आपल्या दोन जुन्या यंत्रांची इंटरनेटवरची दुकानं बंद केली. तिथले खेळ आता विकत मिळत नाहीत. हातातली कॅसेट मात्र आपली.

ठेवायचं कसं? माळ्यावर नको. उन्हाळ्यात तिथे भट्टी आणि पावसाळ्यात ओल. आतल्या भिंतीचं कपाट बरं, खालचा कप्पा सोडून. झाकणाच्या डब्यात घालून औषधाच्या बाटलीत किंवा नव्या चपलांच्या खोक्यात येणाऱ्या ओलावा शोषणाऱ्या पुड्या टाका. डांबरगोळ्या नकोत, त्यांच्या वाफेने काही प्लास्टिक मऊ पडतं. पुस्तिका वर्तमानपत्रात गुंडाळू नका, पिवळी पडते. कॅसेट चालेना की मुलं आत फुंकर मारतात. त्यांना दटावा! तोंडातल्या ओलाव्याने आतल्या पट्ट्या गंजतात. कानात घालायच्या कापसाच्या काडीवर थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन हलक्या हाताने पुसावं आणि पुरतं वाळू द्यावं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. त्या सोनेरी कॅसेटीत खेळाची नोंद जपायला बटणासारखी चपटी बॅटरी असते. ती कधी ना कधी संपते आणि नोंद पुसली जाते. ती डाक देऊन बसवलेली असल्याने हौशी मंडळी टेबलावर पसारा मांडून ती बदलत बसतात. घरात रांगतं मूल असेल, तर हा उद्योग त्याच्यासमोर मुळीच चालू देऊ नका. निन्टेन्डोच्या नव्या स्विच यंत्राच्या इवल्याशा कार्डांना मुलांनी गिळू नये म्हणून मुद्दाम कडू लेप दिलेला असतो. या जुन्या बॅटरीला तसं काही नाही. जुनी बॅटरी काढल्या काढल्या चिकटपट्टीत गुंडाळून मुलाच्या हाताबाहेर ठेवा. मुलाने गिळलीच, तर नाणं गिळल्यावर देतात तसं केळं चारून वाट पाहू नका, उलटीही काढू नका. दोन तासांत अन्ननलिका आतून भाजते. तडक इस्पितळ गाठा आणि बॅटरी गिळलीय हे डॉक्टरांना दारातच सांगा.