समुद्र लांब, काठ जवळ

सहकुटुंब जलसफरीचा विषय निघाला की मन थेट कोकणात धावतं. मालवण, देवगड, शिडाची होडी. गोंदियाहून समुद्र फार लांब. पण आपला जिल्हा तलावांचा. अर्जुनी मोरगाव तालुक्यातला नवेगावबांध तलाव अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असं मानतात. 'सात बहिणी' टेकड्यांच्या परिसरात लोक त्यांना कोलासूर देव म्हणून आजही पूजतात. राजानं नव्हे, गावच्या पाटलानं उभारलेलं हे पाणी आहे, आणि मुलांना ते सांगायलाच हवं.

हिवाळ्यात सकाळी काठाकाठानं होडी न्यावी. वल्ही उचलून क्षणभर थांबलं की बदकांचे थवे जवळ येऊ देतात. पलीकडे डोंग्यात उभा राहून ढिवर जाळं टाकत असतो. अरण्यलेखक मारुती चितमपल्लींनी हेच पाणी, हेच पक्षी मराठीत आणले.

आमचं मत स्पष्ट आहे: इथे मोटारबोटींचा गोंगाट नको. वल्ह्यांच्या होड्या वाढाव्यात, त्या ढिवरांच्याच हाती असाव्यात आणि प्रत्येक होडीत लहान मुलांच्या मापाची लाइफ जॅकेटं असावीत.