एकच कणा, दोन चिठ्ठ्या

राजारामपुरीच्या गल्ल्यांतून दवाखान्यांच्या पाट्या दाटीने लागलेल्या आहेत. मार्केट यार्डातला हमाल तेथे येतो तो कंबर धरून. कमरेचा फोटो निघतो, पट्टा मिळतो. पुढे मान दुखू लागली की मानेचा पट्टा. चिठ्ठ्या दोन, ओझे मात्र एकच.

मानेचे ७ आणि कमरेचे ५ मणके एकाच कण्याचे आहेत. डोक्यावर वा मानेमागे तोललेल्या पोत्याचा भार मानेतून उतरत कमरेपर्यंत पोहोचतो. वर्षानुवर्षे हे चालले की दोन्हीकडच्या चकत्या झिजतात, मज्जामार्ग दोन्हीकडे अरुंद होऊ शकतो. खरा धोका पुढेच आहे. मज्जारज्जू कमरेच्या वरच्या मणक्यांशीच संपतो. त्यामुळे पायांकडे जाणारे सारे संदेश मानेतून जातात. मानेत दाब पडला की पाय ताठरतात, चाल अडखळते, आणि दोष कमरेच्या माथी मारला जातो. सदऱ्याची बटणे लावताना बोटे चुकू लागली आहेत काय, हे हमालाला कोणी विचारतच नाही. मज्जारज्जूची हानी लांबली की पुरती भरून येत नाही.

आणि कायदा? महाराष्ट्राच्या १९६९ च्या माथाडी कायद्याने हमालाला नुकसानभरपाईचा १९२३ चा कायदा लागू केला. परंतु त्या कायद्याच्या व्यावसायिक रोगांच्या यादीत शिशाची विषबाधा होती, फुप्फुसात साचणारी धूळ होती. ओझ्याने झिजलेला कणा नव्हता. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही ती उणीव तशीच ठेवली. पोते अंगावर कोसळले तर तो अपघात. तेच पोते वीस वर्षे वाहून मान मोडली तर ते ‘वय’!

झीज कारकुनालाही होते, असा युक्तिवाद मालकवर्ग करील. होते, पण म्हणून ओझे निर्दोष ठरत नाही. जर्मनीने १९९३ पासून जड वजन उचलल्याने होणारा कमरेच्या चकत्यांचा विकार आणि खांद्यावर ओझे वाहिल्याने होणारा मानेचा विकार, हे दोन्ही व्यावसायिक रोग म्हणून मान्य केले. दीर्घकाळ ओझे वाहिल्याचे दिसले पाहिजे, ही त्यातील एक अट. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने तर १९६७ मध्येच प्रौढ पुरुषाच्या ओझ्यासाठी ५५ किलोंची मर्यादा सुचविली होती.

तेव्हा मागणी स्पष्ट हवी: कण्याची झीज व्यावसायिक रोगांच्या यादीत घाला, आणि कंबर धरून आलेल्या प्रत्येक हमालाची मानही माथाडी मंडळाच्या खर्चाने तपासा.