ताट पोचवायचे कसे?

फराळाच्या ताटावरून आमच्या घरी दर दिवाळीत एक लहानशी चकमक झडते. वरच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाशी आमचे नळाच्या पाण्यावरून बोलणे बंद आहे. दोष दोन्हीकडचा, पण ते असो. आमची आई मात्र चकल्या, करंज्या, चिवडा यांचे एक ताट भरते, वर विणलेला रुमाल घालते आणि म्हणते, "हे वर देऊन या."

"त्यांच्याकडे?" सौ. विचारते. "अहो आई, मोठी माणसेच सारे फस्त करतील. पोरांच्या हाताला चकलीचा तुकडा लागायचा नाही."

"मग मीच नेते," आई म्हणते, "आणि पोरे खाईपर्यंत तिथे बसते. भांडण तुमचे. पोरांनी काय केले आहे?"

वाचकहो, हसू नका. सौ.चा हा आक्षेप मोठमोठ्या मुत्सद्द्यांनी घेतलेला आहे. आणि आईचे हे उत्तर निदान एकदा तरी त्यांना सापडले, तेव्हा लाखो माणसांच्या पोटात घास गेला. ती हकीकत ग्रीस देशाची.

१९४१ च्या एप्रिलमध्ये जर्मन फौजा अथेन्समध्ये शिरल्या. जर्मनी, इटली आणि बल्गेरिया या तिघांनी देश वाटून घेतला. ग्रीस म्हणजे डोंगर, खडक आणि ऑलिव्हची झाडे. गव्हाचा मोठा भाग नेहमी जहाजांनी बाहेरून यायचा. उत्तरेकडचा पिकाऊ मुलूख बल्गेरियाच्या हाती गेला, कोठारांतले धान्य जिंकणाऱ्या सैन्यांनी उचलले, आणि समुद्रावर ब्रिटिश आरमाराची नाकेबंदी! शत्रूच्या ताब्यातल्या देशात धान्य जाऊ द्यायचे नाही, असा हुकूम होता.

ब्रिटिशांचे म्हणणे असे : जिंकलेल्या मुलखातील प्रजेला पोसणे हे जिंकणाऱ्याचे काम. आपण गहू पाठवला, तर तो शत्रूच्याच पोटात जाईल. हे म्हणणे अगदीच खोटे होते असे नाही. अडचण एवढीच, की जिंकणारे पोसत नव्हते आणि बाहेरचे पाठवू देत नव्हते. या दोघांच्या मध्ये अथेन्सची भाकरी नाहीशी झाली.

तो हिवाळा भयंकर होता. माणसे रस्त्यात पडून मरत. कित्येक कुटुंबे आपले मृत माणूस रात्री स्मशानाच्या भिंतीपलीकडे गुपचूप टाकून येत. ती माणसे निर्दय नव्हती. मृत्यूची नोंद झाली, तर त्या माणसाचे रेशनकार्ड परत द्यावे लागे. आणि त्या कार्डावरचा चतकोर तुकडा घरातल्या जिवंत मुलाला हवा असे. परक्या फौजा होत्या त्या सबंध काळातील भूकबळींचा आकडा काही अभ्यासक तीन लाखांपर्यंत नेतात.

पहिली मदत आली ती शेजारच्या तुर्कस्तानातून. ग्रीस आणि तुर्कस्तान यांचे जुने वैर प्रसिद्ध आहे! तरीही १९४१ च्या ऑक्टोबरात 'कुर्तुलुश' नावाचे तुर्की जहाज धान्य घेऊन निघाले. 'कुर्तुलुश' म्हणजे सुटका. तीन-चार महिन्यांतच, १९४२ च्या जानेवारीत, ते मार्मारा समुद्रात बुडाले. तुर्कांनी दुसरे जहाज धाडले.

पण भूक एका जहाजाने भागण्यासारखी नव्हती. अखेर ब्रिटिश सरकारने नाकेबंदीची गाठ सैल केली आणि आईचे उत्तर तिथे कामाला आले. गहू कॅनडाचा, जहाजे तटस्थ स्वीडनची, जाण्यायेण्याला दोन्ही पक्षांची संमती, आणि ग्रीसमध्ये पोत्यांवर देखरेख रेडक्रॉसच्या छत्राखाली स्वीडिश आणि स्विस माणसांची. गहू ग्रीक प्रजेलाच मिळतो की नाही, हे त्यांनी डोळ्यांनी पाहायचे. १९४२ च्या सप्टेंबरपासून महिन्याला सुमारे १५,००० टन गहू येऊ लागला. दहा टनांच्या दीड हजार मालमोटारी डोळ्यांपुढे आणा, म्हणजे कल्पना येईल.

त्याच वर्षी ऑक्टोबरात ऑक्सफर्डमध्ये काही मंडळी जमली. त्यांत गिल्बर्ट मरे होते. ग्रीक भाषा शिकवण्यात त्यांचा जन्म गेलेला. ऐन युद्धात आपल्याच सरकारला "उपाशी मुलांपर्यंत अन्न जाऊ द्या" असे सांगायला ही मंडळी पुढे आली. 'ऑक्सफॅम' ही जगप्रसिद्ध संस्था या बैठकीतून जन्मली.

पुढे कायदेही झाले. १९४९ च्या चौथ्या जिनिव्हा कराराने औषधांना, तसेच पंधरा वर्षांखालची मुले आणि गरोदर स्त्रिया यांच्या अन्नाला वाट द्यावी असे ठरवले. पण माल शत्रूकडे वळेल अशी सबळ भीती असल्यास नकाराची फटही ठेवली. सौ.चा आक्षेप कायद्यातही शिरला म्हणायचा! १९७७ च्या जोडकराराने नागरिकांची उपासमार हे युद्धाचे हत्यार म्हणून वापरण्यास बंदी घातली. २०१८ मध्ये सुरक्षा समितीनेही एकमताने तिचा निषेध केला.

तरीसुद्धा २०२४ च्या ऑगस्टमध्ये सूदानच्या झमझम छावणीत, आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये गाझा शहराच्या परिसरात दुष्काळ असल्याचा निर्वाळा तज्ज्ञांना द्यावा लागला. दोन्हीकडे पावसाने दगा दिला म्हणून हे घडले नव्हते. लढाई आणि अडवलेल्या वाटा, हीच कारणे होती. वाट अडवणारे आजही तेच सांगतात : माल शत्रू खाईल. ही भीती कधी खरी असते, कधी निमित्त. पण ती खरी असली, तरी तिचा इलाज दार लावून घेणे हा नव्हे. तिथे माणूस बसवावा, पोती मोजावीत, घास मुलाच्या तोंडात जाताना पाहावा. ग्रीसमध्ये ते जमले होते, तेही महायुद्ध पेटलेले असताना.

यंदाही आई वर जाऊन बसली. अर्ध्या तासाने उतरली, तेव्हा ताटात वरच्यांचे दोन रव्याचे लाडू होते. ताट रिकामे परत करायचे नसते, एवढी रीत त्यांनाही ठाऊक आहे.

नळाचे भांडण मात्र अजून मिटलेले नाही. ते मिटेल तेव्हा मिटेल. पोरांनी चकल्या खाल्ल्या.